उंदरांनीं खाल्लेली ठेव

पंचतंत्रांतील लोखंडी तराजूची गोष्ट आपल्या घरांतील मुलांसही ठाऊक असते. परदेशीं निघालेल्या वाणीपुत्रानें आपला तराजू एका शेटजींकडे ठेव म्हणून दिला. परत येऊन मागतो तों शेटजी म्हणाले, "तो उंदरांनीं खाल्ला!" ही गोष्ट केवळ करमणुकीची, अशी आमची पुष्कळ वर्षें समजूत होती. परंतु २०२२ सालीं मथुरेच्या न्यायालयांत पोलिसांनीं खरोखरच सांगितलें कीं, दोन ठाण्यांत ठेवलेला सुमारें ५८१ किलो जप्त गांजा उंदरांनीं फस्त केला.

हंसूं येतें खरें, पण हें प्रकरण दूरचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. नोव्हेंबर २०२१ मध्यें आमच्याच जळगांव जिल्ह्यांत, एरंडोलजवळ, आंध्राकडून आलेल्या एका ट्रकांत नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोनें सुमारें १,५०० किलो गांजा पकडला होता. अशी बातमी वाचली म्हणजे 'बरें झालें' असें म्हणून आपण पान उलटतों. पण पकडलेल्या मालाचें पुढें काय होतें, हा प्रश्न कितीजणांच्या मनांत येतो?

अमली पदार्थांसंबंधीं १९८५ चा कायदा आहे. त्यांत १९८९ सालीं 'बावन्न-अ' हें कलम घालण्यांत आलें. त्यान्वयें अधिकाऱ्यानें मालाची यादी करावी. वजन, वेष्टन, खुणा यांची नोंद तींत असावी. मग ती दंडाधिकाऱ्यापुढें ठेवून तिच्या खरेपणाचा दाखला घ्यावा आणि त्यांच्यासमक्ष छायाचित्रें व नमुने घ्यावे. ही दाखला दिलेली यादी, तीं छायाचित्रें व ते नमुने हाच खटल्यांतील मूळ पुरावा मानला जातो. म्हणून निकालाची वाट न पाहतां उरलेला माल नष्ट करतां येतो. तरीही माल वर्षानुवर्षें कोठड्यांत पडून राही. तेव्हां २०१६ सालीं मोहनलाल प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचें पालन कटाक्षानें करण्याची ताकीद दिली. २०२२ च्या नियमांप्रमाणें नमुने दोन-दोन घ्यावयाचे. अफू, गांजा व चरस यांचा नमुना चोवीस ग्रॅमांहून कमी नसावा. अफू शासनाच्या कारखान्याकडे जाते. गांजा समितीच्या देखत भट्टींत जाळून तसा दाखला लिहिला जातो.

इतका काटेकोरपणा कशासाठीं? गांजा एक किलोपर्यंत असला तर शिक्षा फार तर एक वर्षाची. वीस किलोंहून अधिक असला तर निदान दहा वर्षांची, आणि ती वीस वर्षांपर्यंत वाढूं शकते. म्हणजे माणसाच्या आयुष्याचीं इतकीं वर्षें एका तराजूच्या कांट्यावर तोललेलीं असतात. मोहोर फुटली तर खरा गुन्हेगार सुटेल. पुडी बदलली तर निरपराध अडकेल. आणि माल चोरीस गेला तर तोच गांजा पुन्हां कोणाच्या तरी मुलाच्या हातीं पडेल. केवळ कार्यपद्धतींत उणीव राहिली म्हणून खटला आपोआप कोसळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं स्पष्ट केलें आहे. पण त्या उणिवेमुळें पुराव्याविषयींच शंका उत्पन्न झाली, तर तिचा फायदा आरोपीस मिळतो.

याज्ञवल्क्य स्मृतींत मोहोरबंद ठेवीचा स्वतंत्र विचार आहे: जशी मिळाली तशीच ती परत करावी. जप्त माल हीही न्यायालयाची ठेवच होय. फरक इतकाच कीं, ही ठेव कोणास परत करावयाची नसून अखेर अग्नीस अर्पण करावयाची आहे. तोंपर्यंत तीस हात लागतां कामा नये.

यांत आपल्यासारख्या गृहस्थांचेंही एक कर्तव्य आहे. पोलीस पंच म्हणून बोलावूं लागले कीं, 'नको ती कोर्टकचेरी' म्हणून आपण मागच्या दारानें निघून जातों. किंवा गेलों तर न वाचतांच सही ठोकतों. दोन्ही गोष्टी सारख्याच वाईट. पंच म्हणून जावें, वजन आपल्या डोळ्यांनीं पाहावें, मोहोर लागेपर्यंत थांबावें, पंचनामा अक्षरशः वाचावा, आणि कोऱ्या कागदावर सही कदापि करूं नये. घरांतील तरुणांनाही हें सांगून ठेवावें.

गोष्टींतील वाणीपुत्रास त्याचा तराजू अखेर परत मिळाला. कारण तेथील सभासदांनीं उंदरांची सबब मान्य केली नाहीं.