शेगडी तापत नाही? आधी वाटीतली राख पाहा!



आषाढातला रविवार. बाहेर धो धो पाऊस. थालीपिठाचं पीठ भिजवत होते, तोच मुरबाडकडून वन्संचा फोन आला. "अगं, आज येशील का? ती शेगडी मेली तापतच नाही. काल एका गिऱ्हाईकानं अर्धी कच्ची तंगडी ताटात तशीच ठेवली. चार माणसांदेखत!" आवाज अगदी रडवेला.

माळशेजच्या रस्त्यावर, सरळगावच्या पुढे वन्संची छोटीशी टपरी आहे. पावसाळ्यात घाटातले धबधबे पाहायला मुंबई-कल्याणची मंडळी लोटतात. तांदळाची भाकरी, भाजलेली कोंबडी, कणसं, वांगी. या चार महिन्यांच्या कमाईवर त्यांचं वर्ष निघतं. गेल्या चैत्रात जवळच्या एका फार्महाऊसवाल्यांनी त्यांची पेलेटवर चालणारी शेगडी विकायला काढली. वन्संनी बचत गटातून कर्ज काढलं आणि ती घेतली. आता शेगडी तापत नाही, पण हप्ता काही थांबत नाही. यजमान म्हणतात, "भंगारात घाल."

ज्यांनी ही शेगडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, करंगळीहून बारीक अशा कांड्या. त्या बाजूच्या पेटीत ओतायच्या. विजेवर फिरणारं मळसूत्र त्या थोड्या थोड्या करून मधल्या लोखंडी वाटीत ढकलतं. वाटीला भोकं असतात आणि खालून पंखा वारा घालतो. म्हणजे आपली फुंकणीच ती, फक्त विजेची! वर जाळी, जाळीवर झाकण आणि बाहेर तापमानाचा काटा. प्रकार आपल्याकडे अगदीच नवा नाही. २००६ च्या सुमारास 'ऊर्जा' नावाची पेलेटची छोटी शेगडी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात घरोघरी गेली होती. तिच्यामागे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं संशोधन होतं.

कोंबडी भाजायला काटा २०० अंशांच्या आसपास लागतो. वन्संचा काटा १२० वर अडून बसला होता.

किन्हवलीवरून सरळगाव गाठलं. खरं सांगू? मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. यंत्राचं मला काय कळणार, असं वाटेत दहादा वाटलं. पण चूल मला कळते. म्हटलं, चुलीला जे लागतं तेच हिलाही लागणार: कोरडं जळण, मोकळी हवा आणि उपसलेली राख. शेगडी गार करून घेतली, वायर उपटून ठेवली, पदर खोचला आणि एकेक पाहायला लागलो.

पहिली कांडी. एक कांडी मोडून पाहिली. चांगली कांडी गुळगुळीत, चकचकीत असते आणि कट्कन मोडते. वन्संची कांडी बोटात भुगा होऊन पडली. पोतं कुठे ठेवलं होतं? टपरीमागे, जमिनीवर, ताडपत्रीखाली! वरून पाऊस लागला नाही, पण खालून ओल चढली. ओलं सरपण कसं धुमसतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी जळणातलं पाणी उडतं, मग उरली तर धग. फुगलेली कांडी उन्हात वाळवून पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, शिवाय तिचा भुगा मळसूत्रात अडकून बसतो. अर्धं पोतं उकिरड्यावर घालावं लागलं. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं, पण इलाज नव्हता. आगोटीला सरपण माळ्यावर चढवतो, गोवऱ्या झाकून ठेवतो, मग कांड्यांनाच सवतीची वागणूक का? घट्ट झाकणाचं पिंप घ्या, पाटावर ठेवा आणि कांड्या पेटीत ओतण्याआधी मोठ्या भोकांच्या चाळणीनं चाळा.

कशाची कांडी, तेही विचारा. भाताच्या पट्ट्यात तुसाची कांडी स्वस्त मिळते. वन्संनी पहिलं पोतं लाकडाचं आणलं होतं, दुसरं तुसाचं. चांगल्या लाकडी कांडीची राख शंभरात जेमतेम एक भाग पडते, तुसाची जवळजवळ पाचवा हिस्सा! शिवाय धगही कमी. तुसाच्या राखेत वाळूतलंच द्रव्य भरपूर असतं. आपल्या आज्या याच राखेची राखुंडी करायच्या, ते आठवतं ना? पण शेगडीची वाटी मात्र तिनं बुजते.

दुसरी वाटी. आणि खरा चोर इथेच सापडला! वाटीच्या तळाशी राखेचा खडा धरला होता, अर्धी भोकं बंद. वारा जाणार कुठून? खडा काढला, विणकामाच्या जुन्या सुईनं एकेक भोक मोकळं केलं. लाकडी कांडी असेल तर दोन दिवसांआड आणि तुसाची असेल तर रोज वाटी साफ करा. मात्र शेगडी पूर्ण गार झाल्यावरच. काढलेली राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात घालून बाहेर ठेवा. तिच्यात निखारा रात्रभर जिवंत राहतो, प्लॅस्टिकच्या बादलीत कधी टाकू नका.

तिसरी पेटी. वरून पेटी भरलेली दिसते, पण कधी कधी मधल्या कांड्या खाली जातात आणि कडेच्या तशाच चिकटून राहतात. मध्ये विहीर आणि वाटीला उपास! अधूनमधून लाकडी पळीनं कडेच्या कांड्या मध्ये लोटा. बोटं मात्र आत घालायची नाहीत.

चौथी वीज. शेजारच्या घरातून बारीक, लांबलचक वायर ओढून आणली होती. अशा वायरीत विजेचा दाब पडतो, पंखा मंद फिरतो. वायर जाड आणि आखूड हवी, जोड उघडा नको आणि पावसात तर नकोच. पंख्यावरची तेलकट धूळही पुसून घ्या.

पाचवा काटा. आतल्या बाजूला काट्याची सळई असते. तिच्यावर तेलकाजळीचा थर बसला की काटा खोटं बोलतो. ओल्या फडक्यानं पुसा.

सहावं झाकण. "शिजलं का, शिजलं का," म्हणत दर दोन मिनिटांनी झाकण उघडलं तर धग राहील कशी? घाटाकडून येणारा वाराही धग पळवतो. त्या बाजूला दोन हातांवर पत्रा उभा करा, पण धुराची वाट झाकू नका.

एवढं सगळं करूनही तापली नाही तर मळसूत्र, पेटवणारी सळई किंवा आतलं यंत्र बिघडलं असेल. ते काम कारागिराचं, आपलं नाही.

आता तीन गोष्टी अगदी कळकळीनं सांगते. पेटत नाही म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नका. मध्येच विझली आणि वाटीत कांड्यांचा ढीग साचला, तर गार करून वाटी रिकामी करा, मगच पुन्हा पेटवा. नाहीतर भडका उडतो. आणि पाऊस येतो म्हणून शेगडी बंद खोलीत नेऊ नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो.

कोंबडीचं तर रंगावर सोडूच नका. वरून तांबूस दिसते, हाडाजवळ कच्ची असते. मांसात खुपसायचा तापमापक मिळतो, तो घ्या. सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता, ७४ अंश दिसले की उतरवा. तापमापक खरा आहे ना, ते उकळत्या पाण्यात बुडवून पाहा. शंभराच्या आसपास दाखवायला हवा. आणि सकाळी अर्धवट भाजून ठेवायची, गिऱ्हाईक आलं की पुन्हा तापवायची, ही पद्धत सोडा. पोटाचे आजार त्यातूनच होतात.

दुपारी दोनला शेजारच्या टपरीवाल्याकडून उसन्या आणलेल्या कोरड्या लाकडी कांड्या घालून शेगडी पेटवली. काटा १२० ला आला, क्षणभर थांबला, वन्संनी माझा हात घट्ट धरला. मग १५०, १८०, २००! यजमान तिथेच उभे होते. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी बाजारातून झाकणाचं पिंप तेच घेऊन आले.

निघताना वन्संनी भाजलेलं पहिलं कणीस माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "अगं, मी मेकॅनिकला बोलवणार होते. राख काढायची ते काय मला ठाऊक नव्हतं?"

ठाऊक असतंच हो आपल्याला. नवं यंत्र दिसलं की आपण उगीच बुजतो, एवढंच!