कीचकदरा आणि अटलांटाचा दिवा

जुन्या कथा नव्या वेषांत सांगणाऱ्या कादंबऱ्या सध्यां मुलांच्या हातीं फार दिसतात, आणि त्यांवरून सुशिक्षित घरांतून वाद माजतात. रोशनी चोक्शी ह्या अमेरिकन लेखिकेचें ‘आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’ हें २०१८ सालचें पुस्तक असेंच. त्यांत पांडव मुलींच्या रूपानें जन्मास येतात, एवढें ऐकतांच आमच्या घरच्या वडील मंडळींनीं तें नातीच्या हातून काढून घेतलें. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. तरी कोश जवळ घेऊन आम्हीं तें आधीं वाचलें.

अटलांटा शहरांतील एका वस्तुसंग्रहालयांत आईसह राहणारी आरू बारा वर्षांची आहे. सोबत्यांपुढें बढाया मारण्याची तिला खोड. संग्रहालयांतला एक दिवा शापित आहे, अशी थाप ती मारते, सोबती म्हणतात, लावून दाखव, ती लावते. आंत कोंडलेला राक्षस मोकळा होतो, आणि तिची आई जागच्या जागीं थिजते.

पांडव कोठें आणि अटलांटा कोठें, हा पहिला आक्षेप. त्यास उत्तर अंजनगांवच्या उत्तरेस सातपुड्यांतच आहे. भीमानें कीचकास मारून दरींत लोटलें, म्हणून कीचकदरा, आणि त्याचा झाला चिखलदरा, हें इकडे पोरासोरांस ठाऊक. भीमकुंडहि तेथेंच दाखवितात. महाभारत उघडावें तर विराटाचें मत्स्यराज्य दूर जयपुराकडचें. कीचक मेला तो रात्रीं, नर्तनशाळेंत. दरीचें नांवहि नाहीं. आपल्या लोकांनीं विराटनगर आपल्या डोंगरांत आणलें, तसें ह्या बाईंनीं आपल्या मुलखांत नेलें. कथेंत फेरफार करण्याचें म्हणाल, तर दुर्वासाचा शाप व हरवलेली अंगठी महाभारतांतील शकुंतलेच्या कथेंत नाहीं. ती कालिदासाची भर. आणि आपल्या विदर्भाच्या भवभूतीनें रामसीतांची शेवटीं भेट घडविलीच कीं!

आमची कसोटी निराळी आहे. कथेचें गांव बदलो, वेष बदलो. तिच्यांतलें शल्य राहिलें कीं नाहीं? ह्या कसोटीस आमचा चिखलदराच उतरत नाहीं. भरसभेंत कीचकाची लाथ खाऊन सैरंध्री न्याय मागते, विराट तिची दाद घेत नाहीं, आणि कंकाच्या वेषांतला धर्मराज तिला अंतःपुरांत जावयास सांगतो. दरी पाहावयास गेलेल्या मुलांस हें कोण सांगतो? भीमाचें बळ तेवढें सांगून सर्व परततात. नातीला आम्हीं हा भाग वाचून दाखविला, तेव्हां ती एवढेंच म्हणाली, “मग धर्मराज म्हणतात कशाला?” घरांत कोणास उत्तर सुचलें नाहीं.

उलट आरूच्या थापेची किंमत तिच्या आईस मोजावी लागते. ‘अश्वत्थामा मेला’ हें अर्धसत्य बोलतांच ज्याचा चार अंगुळें वर चालणारा रथ भुईस टेकला, त्या युधिष्ठिराची कथा ज्याच्या कानीं आहे त्याला ह्यांतलें मर्म कळेल. विनोद मात्र पानोपानीं, इतका कीं भीतीला बसावयास जागा उरत नाहीं.

हें पुस्तक ज्यांच्या नांवाच्या मालेंत प्रथम निघालें ते रिक रिऑर्डन पूर्वीं शाळामास्तर होते. निजतेवेळीं ते मुलाला ग्रीक पुराणकथा सांगत. त्या संपल्या, मुलगा आणखी मागूं लागला, तेव्हां त्यांनीं नवी रचली. आमच्याकडे क्रम उलटा लागला आहे. आरूचे पुढचे चार भाग आमच्या घरीं अद्याप यावयाचे आहेत. तोंवर आदिपर्व आणि सभापर्व तरी वाचून व्हावीं, असा आमचा बेत आहे.