आईचे काळीजही तपासा



जिल्हा बैठकीत कांद्याचा भाव असतो, विजेचे बिल असते, कर्जाची वसुली असते. या खेपेला आम्ही आजारपणाचा विषय घेत आहोत. 'याचा शेतकऱ्याशी काय संबंध?' असे कोणी विचारील. ज्या घरात ड्युशेनचा आजार शिरला आहे, त्या घराला हा प्रश्न पडत नाही.

चार-पाच वर्षांचा मुलगा पायरी चढताना अडखळतो, मांड्यांवर हात टेकून उठतो. पोटऱ्या भरलेल्या दिसतात म्हणून घरचे निर्धास्त राहतात. बाराव्या वर्षाच्या आसपास चालणे थांबते. स्नायू टिकवणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन शरीरात तयारच होत नाही. हृदय हाही स्नायूच. तेही हळूहळू दुबळे होते. पळणाऱ्याला धाप लागली की कळते, बसून असलेल्या मुलाची कळत नाही. म्हणून निदान झाल्यापासून दरवर्षी ईसीजी आणि एको झालाच पाहिजे. एको चांगला आला तरी वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत हृदयाला आधार देणाऱ्या गोळ्या सुरू कराव्यात, असे २०१८ सालची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. या गोळ्या रक्तदाबावर दिल्या जातात त्याच, साध्या आहेत. डॉक्टरांना तसे विचारा.

आता आईकडे वळू. साधारण तीनातल्या दोन मुलांत दोष आईकडून येतो, तिसऱ्यात तो नव्यानेच उपजतो. आम्ही बियाण्याचे शास्त्र शिकलो. कणसात एक दाणा वेगळा निघाला म्हणून कोणी जमिनीला बोल लावत नाही. घरात मात्र सारा बोल बाईलाच लागतो, आणि तपासणी तिची कधीच होत नाही. दोष वाहणाऱ्या बाईचे हातपाय धडधाकट असले तरी तिचे हृदय दुबळे होऊ शकते. वाढत्या मुलाला ती दिवसातून दहा वेळा उचलते, वर खुरपणीला जाते. दम लागला की 'दगदग झाली' म्हणून सोडून देते. तिने तरुणपणीच हृदय तपासून घ्यावे आणि पुढे दर तीन ते पाच वर्षांनी तपासत राहावे. तिच्या बहिणींनी, मुलींनीही दोषाची तपासणी करून घ्यावी.

१९८६ साली चांदवडच्या महिला अधिवेशनात बाईच्या कष्टाचा हिशेब मांडला गेला. हाही त्याच हिशेबातला एक रकाना आहे.

कार्यकर्त्यांनी तीन कामे करावीत. आपल्या तालुक्यातली अशी घरे, त्यांच्या संमतीने, माहीत करून घ्यावीत. मायलेकांना एकाच फेरीत जिल्हा रुग्णालयात न्यावे. एकोची सोय नसेल तर ती सामुदायिकपणे मागावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत हा आजार आहे. मुलाचे प्रमाणपत्र काढून घ्यावे.

बैल बसला तर आपण त्याच दिवशी डॉक्टर आणतो. घरच्या लक्ष्मीला दम लागला, तर पुढच्या हंगामाची वाट पाहू नका.