वळणावरची ड्यूटी

आमच्या क्लबात आपली हीट, म्हणजे शर्यतीतली पाळी, संपली की बसायला मिळत नाही. हातातला कंट्रोलर सोडायचा, गाडी बाकावर ठेवायची आणि ट्रॅकला वळसा घालून नेमून दिलेल्या वळणावर जाऊन उभं राहायचं. आता दुसरे चौघे शर्यत करणार, त्यांच्या गाड्या वळणावर उडणार आणि त्या उचलून पुन्हा खाचेत बसवायचं काम आपलं. ह्याला मार्शलिंग म्हणतात. कुणी उभं राहिलं नाही, तर त्याने कमावलेल्या फेऱ्यांतून फेऱ्या वजा होतात. स्लॉट कारच्या शर्यतींचा विषय निघाला की लोक वेगाबद्दल विचारतात. मला आधी ह्या उभं राहण्याबद्दल सांगावंसं वाटतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खऱ्या मोटारीच्या एक बत्तीसांश आकाराची, तळहाताएवढी गाडी. तिच्या नाकाखाली प्लॅस्टिकची एक उभी पट्टी असते, तिला गाइड म्हणतात. ट्रॅकमध्ये कोरलेल्या खाचेत ही पट्टी उतरते आणि गाडीला वाट दाखवते. आमच्या ट्रॅकवर खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची टेप चिकटवलेली असते, गाइडला लावलेल्या तारेच्या विणलेल्या दोन चपट्या वेण्या त्या टेपवर घासत जातात आणि मोटरला बारा व्होल्टचा प्रवाह मिळतो. आपल्या हातात पिस्तुलासारखा कंट्रोलर. ट्रिगर दाबला की वेग वाढतो, सोडला की उतरतो. स्टिअरिंग नाही, गिअर नाही. सगळी कला एका बोटात, आणि त्यातही दाबण्यापेक्षा सोडण्यात जास्त. वळणाच्या किती आधी सोडायचं, पूर्ण सोडायचं की अर्धं, आणि मागचं चाक घसरू लागल्यावर पुन्हा कधी दाबायचं, हे हाताला कळावं लागतं.

मी इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशायरमध्ये राहतो. गुरुवारची संध्याकाळ ह्या क्लबासाठी राखलेली. गेल्या गुरुवारी सांगलीहून आलेली माझी पुतणी सोबत होती. ती बारावी सायन्सला आहे. दारातून आत शिरल्यावर तिने ट्रॅकभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून वायरिंग पाहिलं आणि विचारलं, "काका, ह्याला ब्रेक कुठाय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. गाडीत ब्रेक नावाची वस्तूच नसते. ट्रिगर पूर्ण सुटला की कंट्रोलर मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडून देतो. मोटर अजून फिरत असते, त्यामुळे ती क्षणभर जनित्र होते, प्रवाह निर्माण करते आणि तो प्रवाह तिच्याच फिरण्याला विरोध करतो. माझं वाक्य पुरं होण्याआधीच ती म्हणाली, "म्हणजे लेन्झचा नियम!" आमच्या क्लबातला एक निवृत्त इलेक्ट्रिशियन शेजारी उभा होता. त्याला मराठीतलं एवढं एकच नाव कळलं, आणि पुढचा काही वेळ ती दोघं कंट्रोलर उघडून बसली होती.

शर्यत सुरू होण्याआधीचा तासभर मला फार आवडतो. जो तो आपली पेटी उघडतो. बहुतेकांच्या पेट्या मासेमारीच्या सामानाच्या असतात, कारण त्यांच्यात लहान लहान कप्पे भरपूर. त्यात पिनियन, क्राऊन गिअर, शिशाच्या पत्र्याचे तुकडे, तेलाची कुपी, टायर. टायर रिमला डिंकाने पक्के चिकटवून सँडपेपरवर फिरवत घासतात, म्हणजे ते खरोखर गोल होतात. नवा टायर पाहायला गोल दिसतो, पण वळणावर उड्या मारतो. शिसं कुठे लावायचं यावर प्रत्येकाचं ठाम मत असतं. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या पोटाशी चुंबक असतं, ते ट्रॅकमधल्या लोखंडी पट्ट्यांकडे खेचलं जातं आणि गाडी जमिनीला धरून राहते. आमचा ट्रॅक एमडीएफचा, त्यावर तांब्याची टेप, आणि तांब्याला चुंबक चिकटत नाही. त्यामुळे गाडी रस्त्याला धरून ठेवतात ती फक्त टायर, वजन आणि बोट. मला हाच प्रकार खरा वाटतो. चुंबकाची गाडी शेवटपर्यंत घट्ट राहते आणि मग एकदम उडते. बिनचुंबकाची आधी शेपूट हलवून सांगते की आता फार झालं.

हॅम्पशायरमध्ये ह्या खेळाला घरचा खेळ म्हणावं असं एक कारण आहे. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या उद्योजकाचा मिनिमॉडेल्स हा कारखाना इथल्या हॅवंट गावात होता. तो स्प्रिंगवर चालणाऱ्या पत्र्याच्या मोटारी बनवायचा, स्केलेक्स नावाने त्या विकल्या जात. मागणी उतरू लागल्यावर त्याने त्याच गाड्यांत विजेची मोटर बसवली, त्यांना रबरी ट्रॅकवरच्या खाचेत घातलं आणि चालवणाऱ्याच्या हातात बटण दिलं. १९५७च्या जानेवारीत हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात स्केलेक्स्ट्रिक लोकांसमोर आलं. मागणी इतकी वाढली की मिनिमॉडेल्सला ती झेपेना, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सिसने कंपनी लाइन्स ब्रदर्सला विकली. पहिल्या गाड्यांत मासेराटी २५०एफ होती. आमच्याकडे एकाजवळ ती पत्र्याची गाडी आहे. तो ती शर्यतीत चालवत नाही, पण नवा माणूस आला की न मागता हातात देतो.

हीट साडेसातला सुरू झाल्या. चार लेन, चार रंग. प्रत्येकाने प्रत्येक लेनमध्ये तीन-तीन मिनिटं गाडी चालवायची आणि चारही लेनच्या फेऱ्यांची बेरीज करायची. हे असं का, ते पुतणीने आल्या आल्या ओळखलं होतं. दोन खाचांमध्ये दहा सेंटिमीटर, म्हणजे सर्वांत आतली आणि सर्वांत बाहेरची यांच्यात तीस. ट्रॅकला कितीही वळणं असोत, तो पुलावरून स्वतःला ओलांडत नसेल, तर एका फेरीत बाहेरच्या लेनला दोन π गुणिले तीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक मीटर नव्वद सेंटिमीटर जास्त धावावं लागतं. "मग आतल्याचा फायदाच फायदा," ती म्हणाली. तसंही नाही. आतली लेन आखूड खरी, पण तिची वळणं घट्ट, तिथे बोट लवकर सोडावं लागतं. बाहेरच्या लेनला अंतर जास्त, पण वळणं ऐसपैस. कुणाला कुठली लेन सोसते, हे ज्याचं त्याला माहीत. म्हणून कुणालाही निवड देत नाहीत, सगळ्यांनी सगळीकडून जायचं. वेळ संपली की कॉम्प्युटर वीज तोडतो, गाड्या जिथल्या तिथे थांबतात आणि अर्धी झालेली फेरीसुद्धा भागांत मोजतात.

पुतणीने वेगाचं गणितही करून टाकलं. तीस मीटरचा ट्रॅक, आठ सेकंदांची फेरी, म्हणजे ताशी साडेतेरा किलोमीटर. बत्तीसने गुणलं तर चारशे बत्तीस. आकडा भारी वाटतो, पण गुरुत्वाकर्षण काही बत्तीस पटींनी लहान होत नाही, त्यामुळे तो गुणाकार गमतीपुरताच. आठ सेकंदांत किती निर्णय घ्यावे लागतात, याची मोजणी जास्त खरी. आमच्या ट्रॅकवर अकरा वळणं आहेत.

आणि ह्या अकरा वळणांवर मार्शल. गाडी उडाली तरी शर्यत थांबत नाही, वीज चालूच राहते. बाकीच्या तीन गाड्या त्याच वळणावर काही सेकंदांत पुन्हा येणार असतात. मार्शलने तेवढ्यात वाकायचं, गाडी उचलायची, तिच्यावरच्या स्टिकरचा रंग पाहायचा, त्याच रंगाच्या खाचेत गाइड बसवायचा आणि हात काढून घ्यायचा. दोन गाड्या एकदम पडल्या, तर जी दुसऱ्याच्या लेनमध्ये आडवी पडली आहे ती आधी उचलायची, कारण तिच्यामुळे बिनदोष माणूस अडतो. मग ज्या क्रमाने पडल्या त्या क्रमाने. गाडी मोडली असेल तर दुरुस्त करायची नाही, बाजूला द्यायची. मार्शलने शर्यत पाहायची नाही, हा ह्यातला सर्वांत अवघड भाग. डोळे आपल्या वळणावर. पुढे कोण आहे हे बघायला मान वळली की पायाशी गाडी पडलेली असते आणि कुणाचे तरी दोन सेकंद जातात.

आता ह्यात मला जे विलक्षण वाटतं ते सांगतो. मार्शल हे प्रतिस्पर्धीच असतात. ज्याची गाडी मी उचलणार, तो गुणतक्त्यात माझ्या एक पायरी वर किंवा खाली असणार. मी अर्धा सेकंद उशीर केला तर कुणाला कळणारही नाही. गाइड खाचेच्या काठावर टेकवून सोडला आणि गाडी पुढच्या सरळीवर पुन्हा निसटली, तर तेही नशीब म्हणून खपेल. पकडायला कॅमेरा नाही, पंच नाही. असं असूनही मी इतकी वर्षं पाहतो आहे, माणसं आपल्याला मागे टाकणाऱ्याची गाडी झडप घालून उचलतात.

गुरुवारी शेवटच्या हीटला हेच झालं. पोस्टात काम करणारी आमची एक सभासद पहिल्या नंबरासाठी धावत होती. तिच्याआधीच्या हीटमध्ये एका शाळकरी मुलाने जबरदस्त बेरीज लावून ठेवली होती आणि आता तोच सातव्या वळणावर मार्शल होता. सातवं वळण म्हणजे लांब सरळीनंतरचं, सर्वांत जास्त गाड्या तिथे पडतात. शेवटचं मिनिट सुरू असताना तिची पिवळी गाडी तिथेच उडाली आणि उलटी झाली. पोराने ती पडता पडताच धरली म्हटलं तरी चालेल. खाचेत बसवली, हात वर. तिच्या बोटाने ट्रिगर दाबलेलाच होता, गाडी थांबल्यासारखीही वाटली नाही. वीज गेली तेव्हा ती त्या मुलापेक्षा फेरीच्या एक तृतीयांशाने पुढे होती. त्याने दहा सेकंद तोंड पाडलं, मग तिच्याकडे जाऊन मागच्या टायरबद्दल विचारू लागला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्याने केलं ते तिथे सगळेच करतात. मला मात्र त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला.

हा खेळ टिकतो तोही ह्या उचलण्यामुळेच, असं मला वाटतं. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या मध्यात त्याची लाट आली होती. शहरोशहरी भाड्याने ट्रॅक देणारी मोठी केंद्रं निघाली, आठ-आठ लेनचे लाकडी ट्रॅक, तासाच्या हिशोबाने पैसे. दशक संपेपर्यंत त्यांतली बहुतेक बंद पडली. मोटरी इतक्या वेगवान झाल्या की नवशिक्याला गाडी रस्त्यावर ठेवणंच जमेना, आणि गिऱ्हाईक तुटलं. क्लब मात्र इथेही टिकले, तिथेही टिकले. माझ्या मते त्याचं कारण साधं आहे. क्लबात गिऱ्हाईक कुणीच नसतं. ट्रॅक झाडणारा, चहा करणारा, गाडी उचलणारा आणि शर्यत जिंकणारा ही एकाच माणसाची वेगवेगळ्या वेळची कामं असतात. नवशिका आला तर त्याची गाडी शंभरदा उचलायला चार माणसं उभी असतात, म्हणून तो पुढच्या आठवड्यात परत येतो.

२००९ साली जेम्स मे ह्या दूरचित्रवाणीच्या निवेदकाने ब्रूकलँड्सच्या ट्रॅकवर हेच, सगळ्यांनी मिळून राबणं, मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. मोटारींच्या शर्यतीसाठी १९०७ साली मुद्दाम बांधलेला हा सरे परगण्यातला ट्रॅक आता सलग उरलेला नाही, त्याच्या वाटेवर इमारती आणि रस्ते आले आहेत. त्या जुन्या पावणेतीन मैलांच्या मार्गावर स्केलेक्स्ट्रिकचे तुकडे जोडत स्वयंसेवकांनी पूर्ण फेरी केली, अगदी तळ्यावरूनसुद्धा. तो कार्यक्रम पाहताना माझं लक्ष गाड्यांपेक्षा गुडघ्यांवर बसून तुकडे जोडणाऱ्या माणसांकडेच जास्त होतं.

परत येताना गाडीत पुतणी गप्प होती. तिलाही शेवटच्या दोन हीटना नवव्या वळणावर उभं केलं होतं आणि तिच्या हातून दोनदा हिरवी, एकदा लाल गाडी पुन्हा धावती झाली होती. मग हिशोब सुरू झाला. सांगलीत दारांवर आणि देवघरांच्या जाळीवर नक्षी कोरणारी सीएनसी राउटरची दुकानं आहेत, एमडीएफच्या पाट्यांत खाच पाडणं त्यांना अवघड नाही. तांब्याची टेप मागवता येईल. बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय कॉलेजच्या प्रयोगशाळेतही असतो. गाड्या मी इथून पाठवीन. जागा म्हणून आमच्या वाड्याची वरची खोली.

"सुरुवातीला दोनच लेन कर," मी म्हटलं. "खर्च निम्मा."

"नको काका, चार," ती म्हणाली. "दोन लेन केल्या तर खेळायला दोघंच येणार. मग वळणावर उभं कोण राहणार?"

घरी पोचेपर्यंत तिने वहीच्या मागच्या पानावर खोलीचा आराखडा काढला होता, त्यात ट्रॅकच्या चारही बाजूंना माणसाला उभं राहता येईल एवढी, दोन-दोन फुटांची जागा सोडून.