समाचाराला घरी जायला हवं

गावाकडे कुणी गेल्याची बातमी आली की मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर अर्ध्या तासात 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागते. लिहिणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण ते वाचणारा इथे मेलबर्नच्या घरात एकटा असतो. त्याच दिवशी आपल्यातलं कुणीतरी त्याच्या घरी गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. 'काही लागलं तर सांग' म्हणून भागत नाही. दुःखातला माणूस काही मागत नाही.

इथल्या कायद्याने आई किंवा वडील गेले तरी रजा मिळते दोन दिवसांची. तेवढ्यात कोल्हापूरला जाऊन दहावं-तेरावं करून परत कसं यायचं? मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्यावर तर देशाबाहेर जायलाही सरकारची परवानगी लागत होती. आपल्यातल्या कितीतरी जणांनी आई-वडिलांना दिलेला अग्नी मोबाइलवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून काम सुरू केलं. ना खांदा देता आला, ना पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहता आली. त्यातल्या काहींशी आजही बोलायला बसलं की ते त्याच दिवसापाशी येऊन थांबतात.

आपल्याकडे मरणाच्या घरात चूल पेटत नाही. भावकीतली, शेजारची माणसं पिठलं-भात घेऊन येतात. येणारा फार शहाणपणाचं बोलत नाही. 'कसं झालं हो?' एवढंच विचारतो, आणि घरातली बाई दवाखाना, शेवटचं पाणी, शेवटचं बोलणं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगते. नवा माणूस आला की पुन्हा तेच. मला वाटतं, खरा धीर या सांगण्यातूनच येतो. घडलेलं मनाला पटायला ते अनेकदा बोलावं लागतं. इथे मात्र हा प्रश्न विचारणं आपल्याला आगाऊपणाचं वाटू लागलं आहे. विचारा. टाळायचंच असेल तर 'वय झालं होतं', 'सुटले बिचारे', 'आता खंबीर हो' हे टाळा.

'इथे लोकांना एकांत हवा असतो' असं काहीजण म्हणतील. पण याच शहरात कॉलफिल्डला ज्यू कुटुंबं घरात कुणी गेलं की शिव्हा पाळतात. सात दिवस माणसं भेटायला येतात, पहिलं जेवण शेजारी आणतात, आणि घरचा माणूस बोलेपर्यंत पाहुण्याने गप्प बसायचं असा संकेत आहे. ज्याला खरंच एकांत हवा असेल तो डबा घेऊन तसं सांगेल. तेव्हा परत यावं.

महिने उलटूनही झोप-जेवण जाग्यावर येत नसेल, तर डॉक्टरांकडे सोबत जावं. मन फारच खचलं तर लाइफलाइनचा १३ ११ १४ हा क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो.

गणपतीत सजावटीला, प्रसादाला, पार्किंगलासुद्धा आपल्याकडे माणसं नेमलेली असतात. तशीच कार्यकारिणीने उपनगरवार चार-पाच घरं ठरवावीत. बातमी कळताच दोघांनी जावं, दहा दिवस डबा द्यावा, मुलांना शाळेतून आणावं, गावी निघणाऱ्याला विमानतळावर सोडावं. आई अतिदक्षता विभागात आहे आणि मुलगा इथे रात्रभर फोनपाशी जागतो आहे, अशा घरीही जावं. महिन्याभराने पुन्हा एक फेरी व्हावी, कारण तोवर सगळ्यांचे फोन थांबलेले असतात. पॉइंट कुक आणि टार्नेटकडची यादी करायला मी तयार आहे; ज्यांना यायचं आहे त्यांनी नावं माझ्याकडे द्यावीत.