कार घेताय? सवलतीचा नव्हे, एकूण खर्चाचा आकडा बघा

सोलापूर : ऊसबिल हातात आलं की माढा, बार्शी, माळशिरसकडची मंडळी नव्या गाडीसाठी शोरूम गाठतात. तिथे ‘बंपर बचत’चे फलक असतातच. पण या बचतीची फोड करून घेणं गरजेचं आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून 1200 सीसीपर्यंतच्या, चार मीटरपेक्षा लहान पेट्रोल कारवरचा कर सेससह 29 वरून 18 टक्क्यांवर आला. ही घट सगळ्यांनाच मिळते. ती शोरूमची सवलत नव्हे.

खरी तुलना त्यापुढची. रोख सवलत सरळ असते. एक्स्चेंज बोनसमध्ये मात्र गोम असते. बोनस 25 हजार दिला आणि जुन्या गाडीची किंमत बाजारापेक्षा 30 हजारांनी कमी धरली, तर ग्राहक 5 हजारांनी बुडाला. शिक्षक, सरकारी नोकरदारांसाठी कॉर्पोरेट, तर काही कंपन्यांची ग्रामीण ग्राहकांसाठी वेगळी सवलत असते. ती विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही.

कर्जाचंही तसंच. सहा लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जावर व्याज 9 ऐवजी 10 टक्के लागलं, तर सुमारे साडेसतरा हजार जादा जातात. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही.

त्यामुळे सोलापूर, पंढरपूर, अकलूजला फिरून एकाच व्हेरियंटचं लेखी कोटेशन घ्यावं. ऑन-रोड किंमत अधिक व्याज, वजा जुन्या गाडीचे पैसे. हा आकडा जिथे कमी, तिथला सौदा स्वस्त.