गाडीवर ‘आठ’ जमतो, पण चौकात आधी कोण?

भाच्याने नुकताच दुचाकीचा परवाना काढला. शिकाऊ परवान्याची परीक्षा घरी बसून ऑनलाइन दिली, महिन्याभराने मैदानावर पाय न टेकवता ‘आठ’ काढला आणि पास झाला. संध्याकाळी त्याला विचारलं, सिग्नल नसलेल्या चौकात दोन गाड्या एकदम आल्या तर आधी कोणी जायचं? ‘जो जोरात हॉर्न वाजवेल तो,’ तो म्हणाला. हसू आलं खरं. पण आपल्या रस्त्यांवर चालतं तेच त्याने सांगितलं.

कायदा काय सांगतो?

नियम नवा नाही. 1989च्या नियमावलीत तो होता, तिच्या जागी 2017 मध्ये आलेल्या नव्या विनियमांतही आहे. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं. दोन्ही रस्ते सारखे असतील तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला. सर्कलमध्ये आधीच फिरत असलेल्या गाडीचा मान पहिला. अरुंद घाटात उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस असेल तर गाडी थांबवायची, हॉर्न वाजवून त्याला पळवायचं नाही. मोठी गाडी आधी किंवा डिप्पर मारेल तो आधी, असं कुठेही लिहिलेलं नाही.

मग 2019 मध्ये बदललं काय?

मोटार वाहन कायद्यातल्या त्या दुरुस्तीने दंड वाढवले. विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड 5,000 रुपयांवर गेला. हेल्मेट नसेल तर दंडासोबत तीन महिने परवाना निलंबित होऊ शकतो. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट दिली नाही तर 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे सगळं हवंच होतं. मात्र धोकादायक वाहनचालनात काय काय मोडतं, याची यादी कायद्याने तेव्हा दिली, ती पाहा. लाल सिग्नल तोडणं, मोबाइल हातात धरणं, उलट दिशेने येणं हे सारं तिच्यात आहे. उजवीकडच्या गाडीला वाट न देणं नावानिशी नाही. जे कॅमेऱ्यात दिसतं त्याचं चलान फाटतं, एवढंच.

2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतले सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे होते आणि जवळपास पाचवा हिस्सा पादचारी. चौकात दोघांनीही ‘आपण आधी’ म्हटलं की मार याच दोघांना बसतो, चारचाकीला फक्त पोचा येतो.

परवान्याची रचनाही जुनाट आहे. अठरा पूर्ण झाली की एकाच ‘गिअरवाल्या’ परवान्यावर 100 सीसीची गाडीही चालते आणि 1,000 सीसीचीही. युरोपीय संघात 2013पासून टप्पे आहेत: आधी 125 सीसीपर्यंत, मग मर्यादित ताकदीची गाडी, आणि दोन वर्षांच्या अनुभवानंतर हवी ती. आपल्याकडे सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या गाडीचा. लूनाच्या काळात ते ठीक होतं. आज तशी गाडी शोरूममध्ये शोधून सापडत नाही, म्हणून क्लासला निघालेला मुलगा आईची 110 सीसी स्कूटर परवान्याशिवाय काढतो.

‘आपल्याकडे पाळतो कोण?’ हा प्रश्न ठरलेला. मिझोरामचं ऐझॉल आपल्याच देशात आहे. तिथल्या अरुंद, चढणीच्या रस्त्यांवर दुचाकीस्वार रांग न मोडता थांबतात, हॉर्नही क्वचित ऐकू येतो. तेव्हा स्वभावाचं कारण पुढे करू नये. परवान्याच्या परीक्षेत निरीक्षकाने उमेदवाराला दोन खऱ्या चौकांतून नेलं, तो कुठे थांबतो ते पाहिलं, आणि ‘आठ’ नीट काढूनही न थांबणाऱ्याला नापास केलं, तर शिकवणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलही आठवडाभरात बदलतील.

दुसरं काम महापालिकांचं. ‘वाट द्या’ सांगणारी पाटी म्हणजे लाल कडेचा उलटा त्रिकोण. भाच्याला तो दाखवायला मी त्याच्या मागे बसून निघालो. घरापासून स्टेशनपर्यंत अकरा चौक लागले, पाटी एकाही ठिकाणी नव्हती.